मधल्या सुट्टीतला खाऊ : वाचकांचे प्रश्न

शाळेजवळ घरगुती, सकस खाऊ विकणाऱ्या किंवा विकू पाहणाऱ्या नाशिकच्या महिलांची या वेळी बरीच पत्रं आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. किराण्याचे भाव ठोकळमानाने धरले आहेत, हिशेब करताना तुमच्या बिलातला आकडा घाला.

प्रश्न : आम्ही तिघी सिडकोत एका शाळेसमोर नागलीचे (नाचणीचे) आप्पे विकतो. दिवाळीपर्यंत छान चाललं. थंडी पडल्यापासून पीठ फुगत नाही, आप्पे गोट्यांसारखे घट्ट होतात आणि पात्राला चिकटतात. सोडा घालावा का? २० रुपयांना सहा, हा भाव बरोबर आहे का?

सोडा नको. सोड्याने फुगलेला आप्पा गरम असेपर्यंत बरा लागतो, थंड झाला की बसतो आणि जिभेवर सोड्याची चव राहते. मुलांना ती लगेच कळते.

आधी प्रमाण तपासा. एका वेळच्या पिठाला अख्खी नागली ५०० ग्रॅम, उडीद डाळ २०० ग्रॅम, तांदूळ २०० ग्रॅम आणि मेथीदाणे एक चमचा. नागलीला स्वतःचा चिकटपणा नसतो. आंबताना तयार होणारी हवा पिठात धरून ठेवायचं काम उडीद करतो. डाळ महाग झाली म्हणून उडीद १०० ग्रॅमवर आणला की आप्पा घट्ट होणारच. बऱ्याच जणी इथेच फसतात आणि दोष थंडीला देतात.

नागली चार-पाच पाण्यांनी रोळून घ्या. सुरगाणा-पेठकडून येणाऱ्या घरगुती नागलीत बारीक खडे असतात, ते तळाशी बसतात. शेवटचं पाणी ओतताना तळातले दोन चमचे दाणे सोडून द्यावेत, एका मुलाच्या दाताखाली खडा आला तर आठवडाभर गिऱ्हाईक तुटतं. सहा ते आठ तास भिजवा, उडीद वेगळा भिजवा आणि वेगळाच वाटा. वाटताना गार पाणी वापरा, कारण मिक्सरमध्ये पीठ तापतं आणि तापलेला उडीद फुलत नाही. वाटलेल्या उडदाचा थेंब वाटीभर पाण्यात टाकून पाहा. तरंगला तर झालं, बुडाला तर अजून फिरवा.

आता थंडीचं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा रात्री १० अंशांखाली उतरतो. उन्हाळ्यात आठ तासांत येणारं पीठ तेव्हा १४ ते १६ तास घेतं. म्हणजे रात्री वाटून सकाळी विकायचं हे गणित थंडीत बसत नाही, आदल्या दिवशी दुपारी वाटावं लागतं. मीठ हिवाळ्यात पीठ आंबल्यावर घाला, कारण मिठाने आंबण्याचा वेग कमी होतो. (उन्हाळ्यात उलट : मीठ आधीच घाला, नाहीतर सकाळपर्यंत पीठ आंबट ढाण.) पातेलं निम्मंच भरा, वर झाकण ठेवा आणि कोमट पाणी भरलेल्या मोठ्या टोपात ते उभं करून गोधडीत गुंडाळा. हाताने पाच मिनिटं फेटलं तरी फरक पडतो, पण पाणी वाढवून पीठ सैल करू नका. सैल पिठातून हवा निसटते.

चिकटण्याची कारणं दोन : पात्र पुरेसं तापलेलं नाही, किंवा घाई करून उलटलं. बिडाचं पात्र मध्यम आचेवर चांगलं तापू द्या, अर्धा कांदा तेलात बुडवून प्रत्येक खळगा पुसा, मग पीठ घाला. झाकण ठेवून साधारण तीन मिनिटं. कड सुटून आप्पा स्वतःहून हलला की उलटा, दुसऱ्या बाजूने दोन मिनिटं. रात्री पात्र साबणाने खरवडून घासत असाल तर दुसऱ्या दिवशी पहिले दोन घाणे चिकटणार. गरम पाण्याने धुवा, पुसून तेलाचा हात लावून ठेवा.

आता भाव. वरच्या प्रमाणात गाजर-कांदा-कोथिंबीर घालून साधारण १०० ते १०५ आप्पे होतात, म्हणजे १७ प्लेटी. खर्च : नागली २५, उडीद २६, तांदूळ ९, मेथी १, भाजी २०, तेल १०, चटणी २५, गॅस २०, द्रोण १८. बेरीज १५४ रुपये, प्लेटमागे ९. २० रुपयांना विकलं तर ११ सुटतात. १७ प्लेटींना १८७ रुपये, आणि त्यात तिघींचा वाटा. हा धंदा नव्हे, हौस झाली. दिवसाला ५० प्लेटी केल्या, त्यांतल्या पाच उरल्या असं धरलं, तरी साधारण ४५० रुपये हाती राहतात. म्हणून भाव वाढवण्यापेक्षा तिघींनी एकाच गाडीवर उभं राहणं सोडा. एकीने घरी पीठ वाटणं आणि हिशेब सांभाळावा, बाकी दोघींनी दोन शाळा किंवा सकाळ-दुपारची दोन सत्रं वाटून घ्यावीत.

पात्राचंही गणित करा. १२ खळग्यांच्या पात्रावर सहा मिनिटांत दोन प्लेटी निघतात. २० मिनिटांच्या सुट्टीत एका शेगडीवर फार तर सहा प्लेटी. रांगेतली बाकीची मुलं शेजारच्या पाकिटांकडे वळतात. दोन शेगड्या, दोन पात्रं, आणि घंटेच्या अर्धा-पाऊण तास आधी पहिला घाणा. तयार आप्पे घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडले की वाफेने ओले होतात. डब्यात तळाशी आणि वर स्वच्छ सुती फडकं घाला. चटणी डाळ्या-शेंगदाण्याची सुकी ठेवा. ओल्या खोबऱ्याची चटणी उन्हात दोन-तीन तासांत उतरते.

या एका प्लेटीत नागली जवळजवळ ३० ग्रॅम येते. नागलीत १०० ग्रॅमला सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे प्लेटीतून १०५ मिलिग्रॅमच्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ७ ते ९ वयाच्या मुलांसाठी दिवसाला ६५० मिलिग्रॅम सांगितलं आहे. म्हणजे साधारण सहावा हिस्सा. पालकांनी विचारलं तर एवढंच सांगा. ‘हाडं मजबूत, उंची वाढते’ असं पाटीवर लिहू नका.

प्रश्न : सातपूरला शाळेबाहेर मोड आलेल्या मटकीची भेळ विकते. सकाळी ताजी असते, पण बारा वाजता वास येऊ लागतो आणि खाली पाणी सुटतं. मटकी रोजचीच असते. चूक कुठे होते?

बहुतेक वेळा चूक मटकीत नसते. ती गरम असतानाच झाकण लावण्यात असते. वाफवलेली मटकी घाईने डब्यात भरून झाकण लावलं की आतली वाफ झाकणाखाली पाणी होऊन परत मटकीवर टपकते. ओली, कोमट मटकी म्हणजे जंतूंना आयतं घर. अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे जितका वेळ राहील तितका धोका वाढतो आणि कोमट डबा नेमका त्याच पट्ट्यात असतो.

मटकी स्वच्छ निवडून, आठ तास भिजवा. थंडीत पाणी कोमट घ्या. मग तीनदा धुऊन चाळणीत पूर्ण निथळू द्या. पाणी राहिलं तर मोड यायच्या आधी बुळबुळीतपणा येतो. सुती फडक्यात सैल बांधून टांगून ठेवा. उन्हाळ्यात १० ते १२ तास, हिवाळ्यात दिवसभर लागतो. दर १२ तासांनी धुवा. मोड अर्ध्या सेंटिमीटरचा पुरे. लांब मोड पाहून गिऱ्हाईक खूश होतं, पण अशी मटकी लवकर खराब होते आणि वाफवताना तुटते.

कच्ची मटकी मुलांना देऊ नका. ज्या उबदार ओलाव्यात मोड येतात त्यातच जंतूही वाढतात आणि धुण्याने ते सगळे जात नाहीत. वाफ चांगली सुरू झाल्यावर पाच ते सात मिनिटं वाफवा, म्हणजे दाणा शिजतो पण फुटत नाही. लगेच मोठ्या परातीत पातळ पसरा आणि पंख्याखाली पूर्ण गार करा. हाताला गार लागली की डबा. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या पेटीत ठेवली तर उत्तम. तसं जमत नसेल तर घरून निघाल्यापासून चार तासांत जे उरेल ते टाकून द्या, उन्हाच्या दिवसांत त्याहीआधी. संध्याकाळी फोडणी देऊन ‘वाचवण्याचा’ मोह होतो, पण उकळल्याने काही जंतूंनी तयार केलेलं विष जात नाही.

पाणी सुटतं ते मीठ, टोमॅटो आणि कांदा आधीच मिसळल्यामुळे. हे तिन्ही वेगळ्या डब्यांत ठेवा आणि द्रोण भरतानाच एकत्र करा. लिंबू न विसरता पिळा, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे मटकीतलं लोह अंगी जास्त लागतं. एक किलो मटकीची मोड आल्यावर दोन ते अडीच किलो होते. १०० ग्रॅमच्या द्रोणात ८ ते ९ ग्रॅम प्रथिनं येतात. ७ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण २३ ग्रॅम लागतात, त्यामुळे हा द्रोण लहान समजू नका.

प्रश्न : शाळेपासून ५० मीटरच्या आत खाद्यपदार्थ विकायला बंदी आहे, असं सांगून आम्हाला उठवलं. खरं काय? — इंदिरानगर

तो नियम सगळ्या खाद्यपदार्थांना नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये काढलेल्या विनियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून कुठल्याही दिशेने ५० मीटरच्या आत, संपृक्त किंवा ट्रान्स मेद, साखर वा मीठ जास्त असलेले पदार्थ मुलांना विकता येत नाहीत आणि त्यांची जाहिरातही करता येत नाही. आप्पे, उकडलेले हरभरे, फळं, ताक यांवर या नियमाने बंदी येत नाही. (तंबाखूसाठीची १०० यार्डांची बंदी हा वेगळा कायदा. दोन्ही अंतरं लोक हमखास एकमेकांत मिसळतात.)

पण म्हणून फाटकासमोर उभं राहण्याचा हक्क मिळतो असंही नाही. रस्त्यावरची जागा हा महानगरपालिकेचा विषय आहे. पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे. त्यानुसार नगर पथविक्रेता समिती असते, विक्रेत्यांचं सर्वेक्षण होतं आणि विक्री प्रमाणपत्र मिळतं. प्रमाणपत्र नसेल तर विभागीय कार्यालयात आधी तो अर्ज करा. अन्नविक्रीची नोंदणी वेगळी. छोट्या विक्रेत्याला मोठा परवाना लागत नाही, अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ओळखपत्र आणि फोटो देऊन नोंदणी होते आणि १४ आकडी क्रमांक मिळतो. तो गाडीवर दिसेल असा लावा. तोंडी वाद घालण्यापेक्षा दोन कागद दाखवणं सोपं. शिवाय मुख्याध्यापकांना पदार्थांची यादी लेखी देऊन ठेवली तर आवारातच एक टेबल मिळण्याची शक्यता असते. ते मिळालं तर रस्त्याचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : पौष्टिक म्हणून ठेवलेलं मुलं घेतच नाहीत. शेजारी पाच रुपयांच्या पाकिटांवर झुंबड असते. — नाशिकरोड

पाटीवरचा ‘पौष्टिक’ हा शब्द आधी पुसा. दहा वर्षांच्या मुलाला तो औषधासारखा वाटतो. मटकी भेळ, गूळ-शेंगदाणा, मसाला चणा अशी नावं ठेवा.

मुलाच्या हातात काय असतं ते पाहा : पाचाचं नाणं किंवा दहाची नोट. ३० रुपयांची मोठी वाटी त्याच्या हिशेबात बसत नाही. दहा रुपयांत संपेल असा ६० ते ७० ग्रॅमचा लहान द्रोण ठेवा, मोठा आकार सुटताना न्यायला येणाऱ्या पालकांसाठी. पाकीट विकलं जातं ते कुरकुरीतपणामुळे. म्हणून भेळेत कुरमुरे, भाजलेले हरभरे किंवा भाजक्या पोह्यांचा चिवडा शेवटच्या क्षणी घाला. पाच मिनिटं आधी घातले तर मऊ पडतात आणि बाजी पाकिटाने मारलीच म्हणायची.

वेग हा दुसरा मुद्दा. २० मिनिटांच्या सुट्टीतली पाच तर मुलांची रांगेत येण्यातच जातात. एका द्रोणाला ४० सेकंद लागले तर उरलेल्या वेळात २२ मुलं होतात. मटकी-कांदा आधी भरून ठेवलेले द्रोण, वरून कुरमुरे आणि लिंबू एवढंच बाकी ठेवलं तर हीच संख्या दुप्पट होते. सुटे पैसे डब्यात आदल्या रात्रीच मोजून ठेवा.

आणि पहिल्या आठवड्यात ५० नको, १५ द्रोण करा. लवकर संपले तरी चालेल, ‘संपलं’ हे ऐकून दुसऱ्या दिवशी मुलं धावत येतात. एक शंभर पानी वही करा : किती केले, किती खपले, किती उरले, पाऊस होता का, चाचणी होती का. परीक्षेच्या दिवशी मुलं पेपर संपताच घरी जातात आणि शनिवारी शाळा लवकर सुटते. या धंद्यात नफा खाणारी गोष्ट म्हणजे संध्याकाळी उरलेला डबा. तो महिनाभर वहीत दिसला की कोणत्या वारी किती करायचं ते कोणाला विचारावं लागत नाही.

प्रश्न : शेंगदाणा चिक्की सकस म्हणून विकली तर चालेल का? पावसाळ्यात ती चिकट होते, त्याला उपाय काय? — पंचवटी

चालेल, पण तिला मिठाईच समजा. एक किलो दाण्यांना ८०० ग्रॅम गूळ लागतो, म्हणजे २० ग्रॅमच्या वडीत जवळजवळ ९ ग्रॅम गूळ. गुळात लोह असतं म्हणून लोक त्याला साखरेपेक्षा वेगळं मानतात, एवढ्याशा गुळात ते नगण्य असतं. १७०० कॅलरी लागणाऱ्या मुलाने दिवसभरात वरून घातलेली साखर-गूळ मिळून ४० ग्रॅमच्या आत ठेवावी असं धरलं, तर एका वडीने पाचवा हिस्सा संपतो. म्हणून वड्या मोठ्या करू नका. दाण्यांतून वडीमागे पावणेतीन ग्रॅम प्रथिनं मिळतात, हा तिचा खरा गुण. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं असतात, पुडीवर ‘शेंगदाणे आहेत’ हे ठळक लिहा.

चिकट होण्याचं कारण गूळ कमी शिजणं. साध्या गुळाऐवजी दुकानात ‘चिक्कीचा गूळ’ मागा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाका. चिमटीत मऊ राहिला तर थांबा, टणक होऊन ताटलीवर आपटल्यावर टण् वाजला तर लगेच दाणे घाला. अर्धा मिनिट उशीर झाला तर कडवट. पावसाळ्यात थापून झाल्यावर गार होताच घट्ट डब्यात भरा. कोमट भरली तर वाफ, तासभर उघडी ठेवली तर हवेतली ओल. कुजके, सुरकुतलेले, बुरशी आलेले दाणे भाजण्याआधीच निवडून फेका, बुरशीचं विष भाजल्यानेही जात नाही. पाकीटबंद विकणार असाल तर पाकिटावर घटक, वजन, तारीख, तुमचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवेत.

प्रश्न : उकडलेली अंडी ठेवावीत का? — पेठ रोड

एका अंड्यात सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि दहा-बारा रुपयांत, याला तोड नाही. १० ते १२ मिनिटं उकळा, गार पाण्यात टाका, पण सोलू नका. मागेल त्याच्यासमोर सोला. सोललेलं अंडं हाताळलं जातं आणि लवकर नासतं. भांडं, चमचा, डबा वेगळा ठेवा. शाकाहारी घरची मुलं येतात, त्यांच्या आया हे पाहूनच तुमच्याकडे यायचं की नाही ते ठरवतात.

प्रश्न : ताक आणि लिंबू सरबतासाठी बर्फ बाजारातून घेतला तर चालतो का? — देवळाली

कारखान्यातला मोठा लादीबर्फ मासे, भाजी गार ठेवण्यासाठी असतो, पिण्यासाठी नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून असा अखाद्य बर्फ निळा रंगवूनच विकायचा नियम आहे. निळा दिसला तर प्यायच्या भांड्यात नको, बाहेरून डबा गार करायला चालेल. त्यापेक्षा घरचं उकळून गार केलेलं पाणी बाटल्यांत गोठवा, बाटल्या ताकाच्या पिंपात उभ्या ठेवा. ताकात बर्फ विरघळत नाही, पाणी वाढत नाही, बाटली संध्याकाळी परत फ्रीजमध्ये. एक लिटर दह्याला तीन लिटर पाणी, जिरेपूड, मीठ बेताचं.

प्रश्न : आमचा बचत गट नवी गाडी घ्यायला कर्ज काढतोय. कोणतं घ्यावं?

पथविक्रेत्यांसाठी प्रधानमंत्री स्वनिधी योजना आहे. तिच्यात पहिला टप्पा १५ हजार, तो वेळेवर फेडल्यावर २५ हजार आणि पुढे ५० हजार असा क्रम आहे. तारण लागत नाही, पण विक्रेता असल्याचं प्रमाणपत्र किंवा महानगरपालिकेचं शिफारसपत्र लागतं. गाडीआधी वही पाहा. तीन महिने घरच्या टेबलावर, दोन शेगड्यांवर विकून रोज ४० प्लेटी खपत असतील तरच पहिल्या १५ हजारांतून गाडी घ्या. त्यापेक्षा कमी खपत असतील तर आधी दुसरं आप्पेपात्र घ्या.